वेशीवरचा ठराव

खालची वाडी, पवनाकाठ
९ मार्च २०२५

माझ्या मनगटाची साल निघाली हाये, ती आधी बघायला ये. काल तुझ्या त्या लोनावळ्याच्या मॅडमनी स्टेजवर माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. माप कुनी घेतलं हुतं? कुनीच न्हाई. शाळेतल्या पोरीच्या मापाच्या बांगड्या, आन हात भाकरी थापून थापून रुंद झालेला. जाईनात, तर कुनीतरी साबन आनला. समद्या गावासमोर, माईकवर गानं चालू, आन तिघीजनी माझा हात आडलेल्या म्हशीचं रेडकू वडल्यावानी वडत्यात. वर फोटोवाला म्हनतो, आजी, जरा हसा.

आन ते नाव पुकारनं. "आपल्या विधवा भगिनी, झुंबरबाई महिपती!" गावात कुनाला म्हाईत नव्हतं व्हय? तुझ्या आबाच्या तेराव्याला समद्यांनी बुंदी खाल्ली हाये. इसरले आसतील म्हनून आटवन केलीस का?

चि. कैलास यास आईचा आशीर्वाद. राग आधी आला म्हनून आशीर्वाद मागनं आला, तसाच घे.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मंच आयकू येतं, आन ते निम्मं तुझ्या सोयीचं आसतं. म्हनून लिवते. रातीच्या वर्गातल्या बाईंनी म्हातारपनी अक्षरं शिकवली, त्याचा येवढाच फायदा. नथूच्या दुधाच्या टेम्पोत कागद देते, तो लोनावळ्यात तुला पोचवील. त्याच्याच हातानं उत्तर धाड. तू गावचा सरपंच, पन गावात तू रविवारचा, तेव्हा कागदाबिगर तू गावायचा न्हाईस.

आता कामाचं. वेशीवर तू बोर्ड लावलास, "विधवा प्रथामुक्त गाव". खाली बारीक अक्षरात ठराव लिवलाय. नवरा मेला तरी बाईचं कुकू पुसायचं न्हाई, बांगड्या फोडायच्या न्हाईत, लग्नाकार्यात तिला मागं सारायची न्हाई. शेवटचं मी दोनदा वाचलं. तितं गडावर चढायला आलेल्या पोरी हुत्या, त्या बी वाचत हुत्या. म्हनल्या, आजी, तुमचं गाव किती छान. मी म्हनलं, बोर्ड छान हाये, गाव आजून बघायचंय.

तर इचारते ते सरळ इचारते. कोमलचं लगीन मेच्या अकरा तारखेला, वलवनच्या सार्थकशी. आदल्या दिवशी हळद. पोरीला हळद तिची आई लावनार ना? सारिकेला तसं सांगू का? तुझा भाऊ अतुल घाटात गाडीखाली गेला तवा कोमल पाचवीत हुती. आज ती तळेगावच्या कंपनीत बिल्ला लावून जाते. मधलं समदं सारिकेनं केलं. तुमी मधनं मधनं फळं आनलीत, न्हाई म्हनत न्हाई.

व्हय का न्हाई, येवढंच लिव.

आई

———

॥ स्त्रीचा सन्मान, गावाचा अभिमान ॥
कै. महिपती आबा यांच्या प्रेरणेने
कैलास महिपती, सरपंच
संपर्क कार्यालय, लोणावळा

दि. १४ मार्च २०२५

प्रति,
ती. आईस शि. सा. न. वि. वि.

विषय : आपले दि. ९ चे पत्र.

आपले पत्र मिळाले. महिला दिनाच्या कार्यक्रमास आपण उपस्थित राहून शोभा वाढविलीत याबद्दल ग्रामपंचायत आपली ऋणी आहे. बांगड्यांच्या मापाबाबतची तक्रार संबंधितांच्या निदर्शनास आणून दिली आहे. पेपरात तुझा फोटो आला आहे. हात ओढतानाचा आहे, पण खाली त्यांनी "आनंदाश्रू अनावर" असं छापलं आहे. कात्रण सोबत.

आई, आता लेटरहेड बाजूला ठेवून लिहितो.

ठराव हा सार्वजनिक स्वरूपाचा असतो. गावाला दिशा देण्यासाठी असतो. घरातलं कार्य ही वेगळी गोष्ट आहे. त्यात भावकी येते, व्याही येतात. उद्या कोमलच्या संसारात काही कमीजास्त झालं तर लोक बोट कुणाकडे दाखवतील? आपल्या धाकटीकडेच ना, अतुलच्या बायकोकडे? म्हणजे हे मी तिच्याच भल्यासाठी म्हणतोय. भिकाजीकाकांनी तर स्पष्ट सांगितलं, आमच्या घरातल्या पाच सवाष्णी येतील, पण रीत मोडणार असेल तर येणार नाहीत.

म्हणून असं ठरवलं आहे : हळद राजेश्वरी लावेल. कन्यादानाला आम्ही दोघं बसू. कोमलच्या मातोश्रींचा मान कुठंही कमी होणार नाही. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध, खुर्ची राखून ठेवली जाईल. गादीची.

आपला आज्ञाधारक,
कैलास

———

खालची वाडी
१८ मार्च

कैलास,

गादीची खुर्ची. वाचून सारिकेला सांगितलं न्हाई, कारन ती तवा शेन भरत हुती आन हातात पाटी हुती. माझ्यावर टाकली आसती.

मला येक कळंना. बोर्ड वेशीवर, मग वेस वलांडून आत आलं की ठराव संपतो व्हय? मग त्यो बोर्ड उलटा कर. भाईरच्या मानसांनी वाचायचा आसंल तर आतल्यांना फसवल्यावानी व्हायला नगं.

तू म्हनशील, आई आता बाईबाई करायला लागली. समानता बिमानता मला कळत न्हाई. सारिका बी मला काय लय गोड लागत न्हाई. भाकरी जाड थापते, उत्तर लवकर देत न्हाई आन दिलं की कापून देते. पन माझा हिशेब साधा हाये. जिनं पोरीचं हागमूत काढलं, जिनं पोरीला तापात पाठीवर घेऊन पवनानगरच्या दवाखान्यात नेलं, ती खुर्चीवर बसनार. आन जी पोरीला वर्सातनं दोनदा बघते, ती हळद लावनार. राजेश्वरी वाईट न्हाई. पन कोमलला तिखट चालतं का न्हाई ते तरी तिला म्हाईत हाये का, इचार.

तुझी आटवन ताजी करते. तुझ्या लग्नात तुला हळद तुझ्या चुलतीनं लावली. तुझा आबा तवा न्हवता. मी कुटं हुते? तू कवा इचारलं न्हाईस म्हनून सांगते. गोठ्यात हुते. म्हशीला पान्हवत हुते. वाजंत्री वाजली तशी म्हस बुजली आन दूध चोरलं तिनं. मला रडू बिडू आलं न्हाई, म्हशीचा राग आला. म्हस माझ्याच हातानं पान्हवायची, तिला सवाष्न लागत नव्हती.

भिकाजीला सांग, त्याच्या घरच्या पाच सवाष्नीतल्या दोघी माझ्याकडं येऊन नवऱ्यानं कसं मारलं ते दावून जात्यात. त्यांच्या हाताची हळद चालती, मग सारिकेच्या हाताला काय झालंय?

उत्तर दे. गादीबद्दल लिवू नकोस.

आई

———

संपर्क कार्यालय, लोणावळा
दि. २ एप्रिल २०२५

ती. आईस सा. न.

उत्तराला उशीर झाला. सुट्ट्यांचं बुकिंग सुरू आहे, भाड्याने द्यायच्या दोन्ही बंगल्यांच्या पोहण्याच्या टाक्या गळतायत, पाहुणे शिव्या घालतायत.

पण बातमी आनंदाची आहे. आपलं गाव तालुक्याच्या "समता गाव" स्पर्धेत शेवटच्या फेरीत आलं! तपासणी समिती गावात येणार आहे. ठराव नुसता कागदावर आहे की प्रत्यक्षात, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं आहे. तारीख दिली आहे १० मे, सकाळी.

तुझ्या लक्षात आलंच असेल. १० मे म्हणजे कोमलची हळद.

मी खूप विचार केला आणि तुझं म्हणणं मला पटलं. आईचा हक्क तो आईचाच. म्हणून सकाळी समितीसमोर, मांडवात, धाकटीनेच कोमलला हळद लावायची. हिरवी साडी मी पाठवतो. गावातल्या आणखी चारपाच विधवा भगिनी मागं उभ्या राहतील, शक्यतो हसऱ्या. फोटो होतील, समिती चहापाणी करून जाईल.

आणि मग चार वाजता भिकाजीकाका सवाष्णी घेऊन येतील तेव्हा राजेश्वरी रीतीप्रमाणे हळद लावेल. सकाळची हळद दुकानातली पुडी. दुपारी वलवणहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद येईल, ती खरी. म्हणजे ठरावही पाळला आणि रीतही. कुणाचंच मन दुखत नाही.

कोमलला हे आत्ता सांगू नकोस, तिचं डोकं लगेच तापतं. धाकटीला काय सांगायचं ते तू बघ. तुझं ती ऐकते.

तुझा,
कैलास

———

खालची वाडी
६ एप्रिल

चि. कैलास यास आशीर्वाद.

तुझं डोकं बापावर गेलं न्हाई. बाप सरळ हुता.

तू लिवलंस ते दोनदा वाचलं. बरुबर हाये तुझं. मी म्हातारी, मला हट्ट शोभत न्हाई. तू म्हनतोस तसंच होऊ दे. सकाळी सारिका, दुपारी राजेश्वरी. सारिकेला मी येवढंच सांगते की सरपंचानं परवानगी दिली, हळद तू लाव. पुढचं चार वाजता तिला कळंलच.

येकच काम माझ्याकडं ऱ्हाऊ दे. वलवनहून उष्टी हळद आनायचं मी बघते. सार्थकची आजी चिमाबाई माझ्या वळखीची हाये, दोघी येकाच बांधावर गवत कापायचो. तू बंगल्यांच्या टाक्या बघ, हळदीत डोकं घालू नकोस. बाप्याच्या डोक्यात हळद शिरली की कामं बिघडत्यात.

दुकानातली पुडी मात्र चांगली आन. मागच्या येळी आनलीस ती नुसतं पिवळं पीठ हुतं.

आई

———

संपर्क कार्यालय, लोणावळा
दि. २० एप्रिल २०२५

ती. आईस,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. राजेश्वरीला म्हटलं, बघ, अशिक्षित असूनही माझ्या आईला काळाची पावलं कळतात. राजेश्वरी भाजी निवडत राहिली.

साडी नथूबरोबर पाठवली आहे. समितीत तीन जण आहेत, अध्यक्ष बाई आहेत, कडक आहेत असं ऐकतो. म्हणून सूचना : धाकटीनं घाई करू नये. हळद कपाळाला, मग गालाला, मग हाताला, आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबावं, म्हणजे फोटो नीट येतील. कोणी प्रश्न विचारला तर "आमच्या गावात असंच असतं" एवढंच म्हणावं.

हळदीचं काम तुझ्यावर सोपवून मी निर्धास्त आहे.

तुझा,
कैलास

———

संपर्क कार्यालय, लोणावळा
दि. १५ मे २०२५

आई,

लग्नात सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं म्हणून गप्प राहिलो. आता लिहितो.

तू मला फसवलंस. मी पोटचा पोरगा.

उष्टी हळद दुपारी यायची होती. नथूचा टेम्पो ती सकाळीच घेऊन आला, समिती यायच्या आत. मी वेशीवर समितीची वाट बघत होतो, टेम्पो समोरून गेला तेव्हा मला वाटलं दुधाची किटली असेल. आणि मग जे झालं ते तर तुलाही सांगता येणार नाही, कारण तूही माझ्याबरोबर बाहेरच उभी होतीस.

माझ्या डोळ्यांसमोर धाकटी मांडवात आली. माझी साडी नव्हती नेसली. ती कामावरचीच, कोपऱ्याला रफू केलेली. अध्यक्ष बाईंनी हसून नमस्कार केला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. तिनं पाट उचलला, हळदीची वाटी उचलली, कोमलचा हात धरला आणि माजघरात जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी! समिती बाहेर, मी बाहेर, चार हसऱ्या भगिनी हातात रिकामी तबकं घेऊन बाहेर. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "आत काय चाललं आहे?" मी म्हटलं, "तयारी." आतून हसण्याचा आवाज येत होता. तयारीला कोण एवढं हसतं? त्यांनी चिक्की खाल्ली, चहा घेतला, घड्याळ बघितलं आणि निघून गेल्या.

चार वाजता भिकाजीकाका वाजतगाजत पाच सवाष्णी घेऊन आले. वाटी रिकामी. उष्टी हळद एकदाच येते, ती लागलेली! काका म्हणाले, "सरपंच, तुम्ही आमचा अपमान करायला बोलावलं का?" दुसऱ्या दिवशी पंगतीत त्यांनी जिलेबी परत केली. संपूर्ण भावकीनं बघितलं.

आता अहवाल आला आहे. उतरवून देतो : "ठरावाची प्रत्यक्ष अंमलबजावणी आढळून आली नाही. संबंधित महिला हळदीच्या कार्यक्रमात दिसून आल्या नाहीत." आपल्याला शून्य. आणि शेजारच्या गावाला पहिला नंबर! तिथं लग्नच नव्हतं, आई. एका पोरीला नुसती बसवून पुडीची हळद लावली आणि टाळ्या वाजवल्या.

जिथं खरंच झालं तिथं शून्य. हे मी कुणाला सांगू?

आणि राजेश्वरी. ती सकाळी कुठं होती असं मी तिला विचारलं तर म्हणते, "होते की." रात्री जेवायला वाढताना बघितलं, तिच्या दोन्ही कोपरांना हळद होती. आत काय झालं विचारलं तर नुसती हसते. चार दिवस झाले, हसते आहे.

कैलास

———

खालची वाडी
१९ मे

कैलास,

फसवलं ते खरं. त्याबद्दल माफी बिफी मागत न्हाई. चिमाबाईला मी चिठ्ठी धाडली हुती, नातवाची हळद पहाटंच उरकून घे आन उष्टी नथूबरुबर लावून दे. तिनं अट घातली, नातवाला पहिलं बोट मी लावनार. ती बी माझ्यासारखीच, तिचा म्हातारा जाऊन लय दिस झाले. मी म्हनलं, लाव की, वलवनात कोन तपासायला येनार हाये. तर ह्यो बेत आमा दोघींचा.

पन दार लावायचा बेत माझा नव्हता. ते तुला सांगायला पायजे, न्हाईतर तू मला हाये त्यापरीस शानी समजशील.

माझा बेत असा हुता की सारिका तुझ्या समितीसमोर, मांडवात, खरी हळद लावील. चार वाजता भिकाजी येईल आन हात हालवत जाईल. तुझी जिरंल. मी वसरीवर बसून बघनार हुते.

त्या नथूनं घोटाळा केला. टेम्पो थांबवला आन रस्त्यावरनंच वरडला, "आजी, तुमची हळद टायमात आनली बरं का! चारला यायची ती सकाळीच! सरपंचाला पत्ता न्हाई!" सारिका चुलीपाशी हुती. तिला मी काय सांगितलं हुतं, तर सरपंचानं परवानगी दिली, बस. तिनं फुंकनी खाली ठिवली. तुझी हिरवी साडी खुंटीला हुती, तिच्याकडं बघितलं, मग वाटीकडं, मग माझ्याकडं.

म्हनली, "आत्याबाई, चारला कोन लावनार हुतं?"

मी सांगितलं. काय करनार, तिच्याफुडं खोटं टिकत न्हाई. तुझं समदं सांगितलं आन माझं बी सांगितलं. मला वाटलं, खूश हुईल. सासू येवढी बाजूनं हाये म्हनल्यावर दुसरी सून पाया पडली आसती.

ती म्हनली, "मला कवा सांगनार हुता?"

मी म्हनलं, "आधी सांगितलं आसतं तर तू नगं म्हनाली आसतीस."

"मग न्हाई म्हनू द्यायचं हुतं मला."

मी म्हनलं, "अगं, तुझ्यासाठीच केलं न्हवं?"

"भाऊजींनी मला फोटोसाठी पाटावर बसवली. तुमी भाऊजींची जिरवायला बसवली. बसवनारे दोन, बसनारी मी येकली. पोरगी कुनाची हाये?"

असं कापून बोलते ती, तुला सांगितलं हुतं.

तवा कोमल आली, केस वले, हातात फोन. तिला काय म्हाईत न्हाई. सारिकेनं तिला समदं तितंच सांगितलं, काय बी झाकलं न्हाई. मला वाटलं आता ही पोरगी लगीनच मोडती. पन कोमल म्हनली, "आई, तुला लावायची हाये का?" बघ, येवढ्या म्हयन्यांत ह्यो सवाल कुनी इचारला नव्हता. तू न्हाई. मी बी न्हाई.

सारिकेनं पदरानं हात पुसले. मग म्हनली, "हाये. पन येवढ्या लोकांत न्हाई."

झालं. पाट उचलला. मी मागनं निघाले तर उंबऱ्यावर मला म्हनली, "आत्याबाई, तुमी भाईरच थांबा." मला! माझ्या घरात! माझ्या माजघराच्या भाईर! मी दारात उभी, आन ती तुझ्या बायकोला हाका मारती, "जाऊबाई, येताय का आत?" राजेश्वरी तुझ्या हसऱ्या बायांना रांगेत उभं करत हुती. तू बाईंना खुर्च्या देत पाठमोरा हुतास, तवर तिनं तबक तितंच ठिवलं आन पदर खोचून पळत गेली, जशी शाळंची घंटा झाली. मग कडी.

तर आत काय झालं ते मला बी म्हाईत न्हाई. तुझ्याच शेजारी उभी ऱ्हाऊन मी आयकत हुते, आन तुला म्हाईत हाये माझ्या कानांचं. हसनं आयकू आलं. मधनं कोन तरी रडलं, कोन ते कळलं न्हाई. दार उघडलं तवा तिघी पिवळ्याधमक. राजेश्वरीच्या तर केसांत बी. मी इचारलं, काय गं झालं आत? तिघी येकमेकींकडं बघत्यात आन हसत्यात. आजून सांगत न्हाईत. राग आला मला. आजून हाये. पन येक बरं झालं, तुला बी कुनी सांगत न्हाई.

शून्य मिळालं म्हनतोस. समितीनं जे बघितलं ते लिवलं. बंद दार बघितलं, बंद दार लिवलं. त्यांचं काय चुकलं?

भिकाजीच्या जिलेबीचं वाईट वाटून घेऊ नकोस. परत केलेली मी बघितली, त्यानं आधी अर्धी खाल्ली हुती.

आई

———

॥ स्त्रीचा सन्मान, गावाचा अभिमान ॥
संपर्क कार्यालय, लोणावळा
दि. २९ मे २०२५

ती. आईस सा. न.

झालं गेलं विसरू. मी लहानपणापासून तुझ्यावर फार काळ रागावू शकलेलो नाही.

प्रयत्न करून, दोघातिघांना भेटून, मी फेरतपासणी मंजूर करून घेतली आहे. समिती ८ जूनला परत येईल. सार्थक आणि कोमल त्याच सुमारास जेवायला येणार आहेतच. मांडवाचं कापड अजून परत केलेलं नाही. ते लावू, पाट मांडू. फक्त एवढंच करायचं की धाकटीनं त्या दिवशीसारखीच हळद परत लावायची. खरंच झालेलं आहे ना? मग ते पुन्हा दाखवायला काय हरकत आहे? यात खोटं काहीच नाही. उलट शेजारच्या गावानं खोटं दाखवून नंबर घेतला, आणि आपण खरं करून मागं राहिलो, हा अन्याय दूर करायला नको?

राजेश्वरीला विचारलं, तू पण बस म्हणून. ती म्हणाली, "मला कुठं विचारताय, सारिकेला विचारा." म्हणजे अप्रत्यक्षपणे तिची हरकत नाही असं मी धरतो.

तू धाकटीला समजावून सांग. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हण. माझ्यासाठी नाही, सगळ्या विधवा भगिनींसाठी. आणि यावेळी दार उघडं ठेवायचं एवढी अट. वाटल्यास दारच काढून ठेवू, सुताराशी बोललो आहे.

तुझं उत्तर नथूबरोबर उद्याच पाठव, मला समितीला कळवायचं आहे.

तुझा आज्ञाधारक,
कैलास

———

खालची वाडी
३१ मे

कैलास,

दाराला हात लावलास तर सुताराचा हात आन तुझा हात दोन्ही मोडीन. ते दार तुझ्या बापानं बसवलंय, समितीनं न्हाई.

सारिकेला तुझं पत्र मी वाचून दावलं न्हाई आन समजावून बी सांगनार न्हाई. तू लिवतोस, आई, तू तिला सांग. मागच्या येळी मी तेच केलं, सांगितलं. त्यात मी माझ्याच घरात उंबऱ्याभाईर उभी ऱ्हायले. ह्या वयात येकदा पुरं.

तुमी थोरला दीर आन भावजय आजवर येकमेकांशी सरळ बोलला न्हाईत. रीत हाये म्हनून मधी मला घातलं, मी निरोप देत ऱ्हायले. तू म्हनायचास, आई, धाकटीला सांग बैल बांध. ती म्हनायची, आत्याबाई, भाऊजींना सांगा बैल बांधलाय. दोघं येकाच गोठ्यात उभी. ठराव करनाऱ्या गावाला ही रीत दिसली न्हाई, कारन ती मोडायला माईक लागत न्हाई.

मी निरोप्याचं काम सोडलं. आजपास्नं.

ती सध्या भाताच्या रोपाच्या तजविजीत हाये, दुपारी मोकळी आसते. वाचता तिला माझ्यापरीस चांगलं येतं. पाटावर बसायचं का न्हाई, दार उघडायचं का लावायचं, समितीला चहा पाजायचा का हाकलायचं, ते ती ठरवील. मला तिचं काय उत्तर येईल ते ठाऊक न्हाई, आन आता अंदाज करायची बी भीती वाटती.

तर असं कर. हे पत्र वाचलंस की दुसरं लिव, तिच्या नावानं, स्वोता, कुनाकडनं टाइप करून न घेता. "सौ." लिवू नकोस, "श्रीमती" लिवू नकोस, नुसतं सारिका लिव. आत इचारायचं ते इचार. मला उत्तर धाडू नकोस, मी देनार न्हाई. राजेश्वरीनं द्यायचं न्हाई, कोमलनं द्यायचं न्हाई. उत्तर सारिकेनंच द्यायचं. आन तिनं दिलं न्हाई, तर तेच तिचं उत्तर हाये, फिरून कागद धाडून इचारायचं न्हाई.

आई